गॅलरीतल्या शेगडीवरचे ऑम्लेट

आमच्या घरी अंडे स्वयंपाकघरात शिजत नाही. आई अंडे खात नाही आणि तिच्या ओट्यावर ते शिजलेले तिला चालत नाही, म्हणून मागच्या गॅलरीत एका बर्नरची शेगडी, एक बिडाचा तवा, एक नॉनस्टिक पॅन, एक सराटा (उलथणे), दोन वाडगे आणि एक काटा असा वेगळा संसार मांडलेला आहे. नागपुरात अशी सोय अनेक घरांत असते, त्यामुळे पाहुण्यांनाही तिचे नवल वाटत नाही. रविवारच्या न्याहारीचे काम माझ्याकडे आल्यापासून मला या वेगळ्या मांडणीचा एक फायदा असा झाला की, तेथे दुसरा कोणताही पदार्थ होत नसल्यामुळे कधी फक्त आच, कधी फक्त भांडे, कधी फक्त कांदा टाकण्याची वेळ बदलून काय फरक पडतो, हे निवांतपणे पाहता आले. चिवट न होणारे, खाली पाणी न सोडणारे आणि तरीही पूर्ण शिजलेले ऑम्लेट घरी कसे करावे, याबद्दल या काळात जे हाती लागले ते येथे लिहितो.

याला निमित्त झाला आमच्या वस्तीतला एक ठेला. संध्याकाळी सातनंतर तेथे ऑम्लेट-पाव मिळतो आणि रात्री साडेदहापर्यंत गर्दी हटत नाही. अंडी तीच, कांदा तोच, तिखटही काही वेगळे नव्हते. तरीही त्याचे ऑम्लेट कडेला खमंग आणि मधे मऊ असायचे, आणि घरचे सगळीकडून सारखेच कोरडे. त्याच्याकडे एखादा खास मसाला असावा, असे घरात सर्वांचे मत होते. मी मात्र थोडे बाजूला उभे राहून त्याचे हात पाहिले, तेव्हा लक्षात आले की तो कांदा, मिरची आणि सांबार (कोथिंबीर) चिरून वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो. गिऱ्हाईकाने मागणी केली की स्टीलच्या गिलासात अंडी फोडतो, त्यात मूठभर चिरलेले टाकतो, चमच्याने खळखळ फेटतो आणि लगेच तव्यावर ओततो. गिलासातले मिश्रण अर्धा मिनिटही थांबत नाही. मी विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "कांदा अंड्यात पहिलेच टाकून ठेवू नका जी, त्याले पानी सुटते. अन् तवा तापल्याबिगर अंडं टाकाचंच नाही." त्याच्या या दोन वाक्यांत जवळजवळ सगळे आले होते. ते कसे, हे समजायला मात्र मला बराच वेळ लागला.

अंड्याचे कवच वगळले तर उरलेल्या भागात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. पांढऱ्यात ते नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि बलकात साधारण निम्मे. उष्णता मिळाली की अंड्यातील प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांना धरतात आणि त्यांचे जाळे तयार होते. हे पाणी त्या जाळ्यात अडकून राहते, म्हणून शिजलेले अंडे घट्ट होऊनही मऊ लागते. पांढरा भाग ६० अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे घट्ट होऊ लागतो आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. तवा मात्र सहज दीडशे अंशांच्या वर गेलेला असतो. म्हणजे अंडे शिजण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तिच्यापेक्षा कितीतरी अधिक उष्णता त्याच्या खाली सतत उभी असते, आणि जाळे गरजेपेक्षा जास्त आवळले गेले की आत धरलेले पाणी पिळून बाहेर पडते. ताटलीत ऑम्लेटखाली जे पाणी साचते ते बहुतेक वेळा असे निघालेले असते, आणि ते निघून गेल्यावर मागे जे उरते ते चिवट होणारच. म्हणून ऑम्लेट बिघडले की मसाल्याकडे न पाहता पाणी आणि आच या दोघांकडे पाहावे, असे माझे मत झाले आहे.

अंड्यांच्या खरेदीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तीस अंड्यांचा ट्रे स्वस्त पडतो; श्रावणात भाव उतरतात आणि थंडी पडू लागली की चढतात, हे येथे सर्वांनाच माहीत आहे. साठवणीबद्दल मात्र नागपूरकराने थोडे काटेकोर असावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी घरातलाच ओटा हाताला गरम लागतो, अशा दिवसांत अंडी टोपलीत बाहेर ठेवणे योग्य नाही. फ्रीजमध्येही ती दाराच्या खणात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवावीत, कारण दार सारखे उघडत असल्याने तेथले तापमान वर-खाली होत राहते. अंडी आणल्याबरोबर धुऊन ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तिच्यामागचा स्वच्छतेचा हेतू चांगला असला तरी कवचावर जो नैसर्गिक पातळ थर असतो तो धुतल्याने जातो आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून आत जाणाऱ्या गोष्टींना वाट मोकळी होते. धुवायचीच असतील तर फोडण्याच्या आधी धुऊन पुसावीत. शंका असेल तेव्हा अंडे पाण्याच्या भांड्यात सोडून पाहावे: ताजे तळाशी आडवे पडते, जुने होत गेलेले उभे राहते, आणि तरंगणारे फेकून द्यावे. जसजसे दिवस जातात तसतसे आतले पाणी कवचातून उडते आणि हवेची पोकळी मोठी होते, म्हणून असे घडते. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून मग वाडग्यात ओतण्याची सवय उन्हाळ्यात विशेष उपयोगी पडते; एका खराब अंड्यामुळे बाकीची टाकावी लागत नाहीत.

मिठाबद्दल दोन मते प्रसिद्ध आहेत. काही जण म्हणतात की मीठ शेवटी घालावे, नाहीतर अंडे पातळ होते. मी दोन वाडग्यांत सारखी अंडी घेतली, एकात मीठ घालून पंधरा मिनिटे ठेवले आणि दुसऱ्यात अगदी ओतताना घातले. पहिल्या वाडग्यातील मिश्रण खरोखरच पातळ झाले आणि त्याचा रंगही अधिक गडद केशरी दिसू लागला, परंतु तव्यावरून उतरल्यावर तेच ऑम्लेट अधिक मऊ होते आणि ताटलीत त्याने पाणी सोडले नाही. मीठ अंड्यात विरघळले की प्रथिने एकमेकांना फार घट्ट धरू शकत नाहीत, हे त्याचे कारण आहे. तेव्हापासून मी अंडी फोडली की आधी मीठ घालतो आणि मगच कांदा चिरायला बसतो. दोन अंड्यांना चहाच्या चमच्याचा सहावा-सातवा भाग पुरतो; लोण्याऐवजी बाजारचे खारे बटर वापरायचे असेल तर त्याहूनही कमी. हळद आणि लाल तिखट घालायचे असल्यास ते थेट वाडग्यात भुरभुरू नये, त्याच्या गुठळ्या होतात. चमचाभर फेटलेल्या अंड्यात ते आधी नीट कालवून घ्यावे आणि मग बाकीच्यात मिसळावे. मी स्वतः लाल तिखटापेक्षा हिरवी मिरची पसंत करतो, कारण तिखटाची पूड तापल्या तव्यावर पटकन करपते आणि तिचा कडवटपणा अंड्याच्या सौम्य चवीवर स्वार होतो. भिवापुरी मिरचीच्या प्रदेशात राहून असे लिहिणे थोडे धाडसाचे आहे, पण माझ्या मते तिची जागा रश्शात आहे.

फेटण्यासाठी साधा काटा पुरतो. पांढऱ्याचे धागे दिसेनासे होईपर्यंत आणि रंग एकसारखा होईपर्यंत फेटावे. फेस येईपर्यंत फेटण्याची गरज नाही. फेस आणून केलेले फुगीर ऑम्लेट हा वेगळा प्रकार आहे, त्यासाठी पांढरा भाग वेगळा काढून फेटावा लागतो आणि तव्यावरून उतरल्यावर ते काही क्षणांत खाली बसते. दूध घालावे की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दोन अंड्यांना चमचाभर दूध घातले तर प्रथिने विरळ होतात, मिश्रण थोड्या अधिक तापमानाला घट्ट होते आणि साधे ऑम्लेट नाजूक बनते. मसाला ऑम्लेटमध्ये मात्र दूध मुळीच नको, कारण कांदा आणि टमाटर यांच्यासोबत पाणी आधीच पुरेसे येते.

मला सर्वात जास्त वेळ लागला तो या कांद्या-टमाटरवर. चिरलेला कांदा मिठाच्या संपर्कात आला की त्यातले पाणी बाहेर ओढले जाते, आणि घरी नेमके हेच होते: अंड्यात कांदा, मीठ, मिरची सगळे एकदम घालून वाडगा तयार ठेवला जातो, मग चहा होतो, दूधवाला येतो, कोणीतरी अजून आंघोळीलाच असते आणि वाडग्यातला कांदा तोवर निथळत राहतो. असे मिश्रण तव्यावर गेले की आधी ते पाणी उकळते. अंडे भाजले न जाता वाफेत शिजते, रंग येत नाही, आणि रंग यावा म्हणून आपण ते तव्यावर अधिक वेळ ठेवतो, की तेवढ्यात वरचा भाग कोरडा पडतो. यावर मी दोन उपाय करून पाहिले. पहिला ठेल्यावरचा: कांदा वेगळा ठेवावा आणि ओतण्याच्या क्षणी मिसळावा. दुसरा असा, की कांदा आधी थोड्या तेलात दोन मिनिटे परतून, बाजूला काढून, गार करून मग अंड्यात घालावा. परतलेल्या कांद्याला गोडसर चव येते आणि ऑम्लेट उलटताना तुटत नाही. कच्च्या कांद्याला दाताखाली जो करकरीतपणा असतो तो मात्र जातो. घरात यावर एकमत नाही. मुलीला करकरीत हवा असतो, पत्नीला परतलेला. टमाटरच्या बाबतीत वादाला जागा नाही: मधला बियांचा रसदार भाग काढून टाकावा आणि फक्त गर बारीक चिरून घ्यावा. सांबाराच्या कोवळ्या काड्या पानांसोबत अवश्य चिराव्यात, सुगंध त्यांच्यातही भरपूर असतो. पण धुतलेला सांबार कापडावर पसरून कोरडा झाल्याशिवाय चिरू नये. एकूण भाजी किती, याला माझे माप असे आहे की दोन अंड्यांना सगळे मिळून दोन-तीन मोठे चमचे. त्याहून जास्त झाले की अंडे भाजीला धरून ठेवू शकत नाही.

आता भांडे. ठेल्यावरचा तवा जाड लोखंडाचा असतो आणि संध्याकाळपासून तापलेला असतो, त्यामुळे थंड मिश्रण ओतले तरी त्याची उष्णता फारशी उतरत नाही. घरच्या पातळ तव्याचे तसे नाही. मिश्रण पडताच तो थंड होतो, पुन्हा तापायला वेळ घेतो आणि तोवर अंडे चिकटून बसते. मसाला ऑम्लेटसाठी मी बिडाचा तवा वापरतो. तो मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे तापवावा लागतो, कारण बीड उष्णता सावकाश घेते. मोठ्या आचेवर घाईने तापवला तर मधला भाग जळतो आणि कडा थंड राहतात. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लगेच चुर्र होऊन उडाला की तवा तयार झाला असे समजावे. त्यावर दोन लहान चमचे तेल सगळीकडे फिरवावे. साध्या ऑम्लेटसाठी मात्र नॉनस्टिक पॅन बरा पडतो, दोन अंड्यांना सुमारे २० सेंटिमीटर तळाचा. तो रिकामा तापत ठेवू नये; त्यावरील लेप सुमारे २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर तेथवर लवकर पोहोचतो. त्यासाठी सराटाही लाकडी घ्यावा.

मिश्रण तव्यावर पडले की कडा लगेच फुगायला हव्यात. नाही फुगल्या, तर तवा तापलेला नव्हता. पहिले दहा सेकंद हात लावू नये. नंतर सराट्याने कडेचे शिजलेले अंडे हलकेच मधे ओढावे आणि तवा कलता करून वरचे पातळ मिश्रण त्या मोकळ्या जागेत उतरू द्यावे. असे तीन-चार बाजूंनी केले की वरचे जवळजवळ सगळे पातळ अंडे खाली तव्याला लागते आणि उलटण्याआधीच बहुतांश शिजते. अनेक घरांत वर झाकण ठेवतात. झाकणाने अंडे शिजते हे खरे, पण अडकलेली वाफ पाणी होऊन परत ऑम्लेटवर पडते, म्हणून मी ते ठेवत नाही. खालची बाजू सोनेरी दिसू लागली, वरचा थर वाहत नाही पण चमकतो आहे, अशी स्थिती आली की एकदाच उलटावे आणि दुसऱ्या बाजूला पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त देऊ नये. मधून सराट्याने दाबण्याचा मोह टाळावा. दाबले की चुर्र असा आवाज येतो आणि तो आतले पाणी निघून गेल्याचा असतो.

गॅस बंद करून ऑम्लेट तव्यावरच ठेवून देणे हे बिडाच्या बाबतीत तर अजिबात चालत नाही. तवा पुढची काही मिनिटे तितकाच गरम राहतो आणि अंडे शिजतच राहते. फार वेळ राहिले तर उग्र वास येतो आणि कधीकधी हिरवट छटाही दिसते, कारण अंड्यातील गंधकाचा लोहाशी संयोग होतो. ऑम्लेट ताटलीत काढल्यावरही आतल्या उष्णतेने आणखी थोडे शिजते. हे गृहीत धरून ते पूर्ण झाले असे वाटण्याच्या किंचित आधीच उतरवावे लागते, आणि सगळ्या कृतीत सवयीने येणारी गोष्ट बहुधा ही एवढीच आहे. येथे एक सावधगिरी सांगायला हवी. आतून ओलसर म्हणजे आतून वाहते नव्हे. लहान मुले, वृद्ध माणसे किंवा घरातील गरोदर स्त्री यांच्यासाठी, आणि उन्हाळ्यात सर्वांसाठीच, मधला भाग पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवावा. अंड्यातून होणारा साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग टाळण्यासाठी आतले तापमान ७० अंशांच्या वर जाणे आवश्यक असते.

साध्या ऑम्लेटची गोष्ट निराळी आहे. ते मी थंडीत करतो, कारण त्याला निवांत सकाळ लागते. पॅन मंद आचेवर ठेवून बटर घालायचे, आणि त्याच्या फेसाकडे पाहत राहायचे: बटरमध्ये साधारण सोळा टक्के पाणी असते, ते उडेपर्यंत फेस येतो, आणि फेस बसू लागला पण रंग बदललेला नाही, तो क्षण अंडे ओतण्याचा. त्यानंतर सराट्याने सतत हलवत राहायचे, म्हणजे बारीक मऊ दाणे तयार होतात. मिश्रण सरबरीत झाले की हलवणे थांबवून ते सारखे पसरायचे, काही सेकंद बसू द्यायचे आणि पॅन कलता करून गुंडाळत कडेला आणायचे. याला तपकिरी डाग पडू देऊ नयेत. मसाला ऑम्लेटला तोच डाग शोभतो आणि चवही देतो. हे मात्र फक्त अंडे आणि लोण्याच्या चवीवर उभे असते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ताटल्याच इतक्या गार असतात की दोन मिनिटांत ते निवते, म्हणून ताटली आधी गरम पाण्याने धुऊन पुसून घ्यावी. सोबत ठेल्यासारखा पाव नको. शिळी पोळी तव्यावर कडक करून घेतली तर तिच्यासोबत छान लागते.

भांडी धुताना पहिले पाणी थंड असावे. गरम पाण्याने वाडग्याला लागलेले अंडे तेथेच शिजते आणि काट्याच्या दातांत अडकून बसते. वास जात नसेल तर लिंबाची साल किंवा थोडे कोरडे बेसन चोळावे. बिडाचा तवा भिजत टाकू नये. गरम असतानाच पुसून, धुऊन लगेच आचेवर कोरडा करून त्यावर तेलाचा हात फिरवावा, तर तो वर्षानुवर्षे चिकटत नाही.

श्रावणात अंडी पूर्ण बंद असतात, तेव्हा बेसनाचे टमाटर ऑम्लेट होते. नाव सारखे असले तरी त्याचे शास्त्र उलट आहे: तेथे पाणी हवेच असते, कारण पिठातील स्टार्च पाण्याशिवाय शिजत नाही, आणि कच्चे बेसन जिभेला लगेच कळते. टमाटर किसून त्याचा सगळा रस बेसनात आणि थोड्या तांदळाच्या पिठात घ्यावा, ओवा, मिरची, सांबार घालून मिश्रण दहा मिनिटे मुरू द्यावे, पातळसर पसरावे आणि मंद आचेवर खुशाल झाकण ठेवावे. वरची बाजू कोरडी दिसू लागेपर्यंत ते उलटू नये, कारण आतले पीठ कच्चे असेल तर ते सराट्याला चिकटून फाटते.